रविवारची तालीम

"ह्या कार्डाप्रमाणे मी मेलेय," मीनल म्हणाली.

झकेरियांनी चष्मा कपाळावर ढकलला आणि तिच्या हातातलं कार्ड डोळ्यांजवळ नेलं. "मेली कुठे? 'श्वास चालू नाही' एवढंच लिहिलंय. हे लोक तोंडावर कुणाला मेला म्हणत नाहीत." मग स्वतःचं कार्ड पुढे करत म्हणाले, "माझं बघ. मांडी फाटलीये. सुरुवातीला बोलायचं, मग हळूहळू कमी बोलायचं, मग गप्प. आमची सारा म्हणेल, चाळीस वर्षांत घरी जमलं नाही ते हॉस्पिटलात जमवून आलात."

मीनल हसली. पण कार्ड तिने पर्समध्ये टाकलं नाही की टेबलावरही ठेवलं नाही. हातातच धरून राहिली.

इंग्लंडमधल्या स्लाऊच्या त्या हॉस्पिटलातला ओपीडीचा हॉल रविवारी ओस असतो. आज मात्र खुर्च्या भिंतीला लावून ठेवल्या होत्या आणि मधल्या मोकळ्या जागेत वीस-बावीस माणसं रक्तबंबाळ होण्यासाठी रांगेत उभी होती. वर्षातून दोनदा इथल्या इमर्जन्सीच्या नर्सेसची अशी तालीम होते. समजा, गावच्या ट्रेडिंग इस्टेटमधल्या, म्हणजे औद्योगिक वसाहतीतल्या, एखाद्या गोदामात स्फोट झाला. समजा, अर्ध्या तासात दारात जखमींची रीघ लागली. तर पहिली दहा मिनिटं कुणी काय करायचं? जखमी व्हायला कॉलेजातली मुलं येणार होती. त्यातल्या सहा जणांनी सकाळी सात वाजता मेसेज टाकून हात वर केले. तेव्हा तालमीची व्यवस्था बघणाऱ्या हेलनने रिटायर्ड नर्सेसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हाक दिली, आणि मीनलने चहाचा कप तसाच ठेवून 'येते' असं लिहून टाकलं. दोन घरं सोडून राहणाऱ्या झकेरियांनाही तिनेच उठवलं. झकेरिया मूळचे मुंबईचे, बेने इस्रायली ज्यू. सगळी हयात इथल्या एका बिस्किटांच्या कारखान्यात गेली. शनिवार त्यांचा शब्बाथचा, पण रविवारी माणूस कुठेही यायला तयार.

घाईघाईत हेलनच्या एक गोष्ट लक्षात आली नव्हती. ती आत्ता आली.

"मीनल, तुला सिल्व्हर आलंय?" हेलन हातातला क्लिपबोर्ड छातीशी धरून तिच्यापर्यंत जवळजवळ धावतच आली. "छे छे. ते कार्ड दे इकडे. आज लीड आर्या आहे."

आर्या म्हणजे मीनलची मुलगी. एकुलती एक.

लीड नर्सला प्रत्येक जखमीसाठी दहा सेकंद मिळतात. चालू शकतो त्याला हिरवी पट्टी. चालू शकत नाही, पण थांबू शकतो त्याला पिवळी. थांबू शकत नाही त्याला लाल. आणि हनुवटी वर उचलून, वाट मोकळी करूनही ज्याचा श्वास सुरू होत नाही त्याच्या मनगटावर चंदेरी. चंदेरी पट्टी लावायची आणि उठायचं. छाती दाबायची नाही, हाका मारत बसायचं नाही. कारण तेवढ्या वेळात पलीकडचा लाल पट्टीवाला हातचा जातो.

गेल्या मार्चच्या तालमीत आर्या नेमकी तिथेच अडकली होती. चंदेरी कार्ड घेऊन पडलेले एक वयस्कर सरदारजी होते, पांढरी दाढी, हात पोटावर जुळवलेले. आर्या त्यांच्याजवळ गुडघे टेकून बसली ती चार मिनिटं उठलीच नाही. त्यांची छाती दाबत राहिली. खोट्या जखमीची, खोटी खोटी. मागे दोन लाल कार्डवाले 'गेले'. परीक्षकाने कागदावर तेवढंच लिहिलं: चार मिनिटं, दोन माणसं.

त्या दिवशी घरी आल्यावर पोर जेवली नाही. मीनलने वरणभात कालवून पुढ्यात ठेवला, डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "माणूस आहेस तू, मशीन नाहीस. काही चुकलं नाही तुझं."

"आई, दोन माणसं मेली."

"नाटकातली."

"हो. अँड व्हॉट इफ दे वर रिअल?"

मीनल शेगडीवर काही नसताना शेगडीकडे वळली होती.

त्यानंतर आर्याने ब्रॅकनेलच्या एका आयटी कंपनीत नर्सच्या जागेसाठी अर्ज केला. ऑफिसातल्या माणसांची बीपी बघायची, पाठ दुखते म्हणणाऱ्याला खुर्ची बदलून द्यायची, पाच वाजता घरी. बुधवारी इंटरव्ह्यू होता. "संडेला जमलं तर इमर्जन्सीत राहीन," काल रात्री भांडी पुसताना ती म्हणाली होती. "नाहीतर आय ॲम डन, आई. जिच्या भरवशावर कुणाला सोडता येत नाही, तिने तिथे उभंच राहू नये."

"मीनल, दे ना कार्ड," हेलन म्हणाली. "हिरवं घे. मनगट मुरगळलंय, बस्स. कोपऱ्यात बसून राहा."

हिरवं घ्यायलाच तर मीनल आली होती. कोपऱ्यात बसून लेकीला लांबून बघायचं, एवढाच बेत होता. तिने कार्डाकडे पाहिलं, मग हॉलच्या त्या दुहेरी दाराकडे. पलीकडे आर्या आणि तिच्या चार नर्सेस थांबल्या असणार.

"हेलन," ती म्हणाली, "खरंच काही झालं तर जखमी कुठून येणार? मँचेस्टरहून? ह्याच गावातून येणार. कुणाची आई, कुणाचा नवरा. अपघात काय नातेवाईक वगळून होतो?"

"नात्यातल्यांना असं कार्ड द्यायचं नाही, हा नियम मी नाही केला."

"रिसेप्शनवरच्या शेरीनचा मुलगा त्याच इस्टेटमध्ये कामाला आहे. तुझा भाऊसुद्धा."

हेलनने पेनचं टोक चावलं. "आणि तिला नाही जमलं तर?"

"तर आज कळू दे. त्या दिवशी कळण्यापेक्षा."

हेलनने क्लिपबोर्डवर एक खूण केली आणि ती निघून गेली. झकेरियांना इंग्लिश कळत होतंच, पण आता ते मराठीत आणि आवाज खाली आणून बोलले.

"मीनल, ऐक माझं. बदल कार्ड. हे अभद्र दिसतं. तुमच्यात म्हणतात ना, वास्तू तथास्तु म्हणते? आमची आईपण म्हणायची, वाईट जिभेवर आणू नये. मी मरतो. मला शोभून दिसेल."

"तुम्ही तुमची मांडी सांभाळा, झकेरियाभाऊ."

"हट्टी आहेस."

"नर्स आहे."

खुर्चीत बसल्यावर रंगवायला दिया आली. कॉव्हेंट्रीच्या कॉलेजात नाटकाचा मेकअप शिकणारी, एकोणीस-वीस वर्षांची पोर. हातात राखाडी रंगाचा ओला स्पंज. मीनलचं आडनाव यादीत वाचून ती एकदम मराठीत आली.

"आंटी, डोळे बंद. पापणीवर पण लावायचा आहे. माझी आजी पण नर्स होता."

"हो का? कुठे?"

"कॉव्हेंट्रीला. ती म्हणायचा, चांगला नर्स म्हणजे ज्याची गोष्टच नसते." दियाने मीनलची बोटं हातात घेतली. "तुमचा हात खूप गरम आहे. डेड लोकांचा कोल्ड असतो ना?"

"गारवा रंगवता येत नाही, बाळा. त्यांना सांग, आत्ताच गेलेय."

दिया खुदकन हसली आणि नखं रंगवू लागली. डोळे मिटलेल्या मीनलच्या मनात दियाच्या आजीचं ते वाक्य घोळत राहिलं. बावीस वर्षं तिने ह्या हॉस्पिटलात काढली, म्हाताऱ्या माणसांच्या वॉर्डात. आपत्तीची पिवळी फाईल सिस्टरच्या कपाटात असायची. इतर वॉर्डांत तिच्यावर बिस्किटांचे डबे ठेवलेले असत. मीनल दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी ती काढायची. घरून बोलावून घ्यायच्या माणसांच्या यादीतला एकेक नंबर फिरवून बघायची. कुणी घर बदललेलं असे, कुणी नवरा. टॉर्चचे सेल, गाद्यांखालच्या ओढून न्यायच्या चादरी, प्रत्येक खाटेवरचा माणूस चालेल, खुर्चीतून जाईल की गादीसकट, ह्याची तिच्या हातची यादी. "मीनल, वॉर थांबलंय, कुणीतरी सांगा हिला," असं तिचे सहकारी म्हणत. ती म्हणे, "बरं झालं. सेल तरी वाचले." बावीस वर्षांत ती फाईल एकदाही लागली नाही. रिटायर होताना तिच्याविषयी भाषणात सांगण्यासारखं कुणाला काही सापडेना. शेवटी सगळ्यांनी तिच्या हातच्या चिवड्याचं कौतुक केलं. मीनलला त्याचं वाईट वाटलं नव्हतं. जिची गोष्टच नसते, ती नर्स.

पण गोष्ट एक होती. ती तिने कुणाला सांगितली नव्हती. नवऱ्यालाही नाही.

तेव्हा ती तेवीस वर्षांची होती, कोकणातल्या एका तालुक्याच्या दवाखान्यात. वैशाखातली दुपार. घाटात वऱ्हाडाचा ट्रक उलटला आणि तासाभरात व्हरांडा भरून गेला. डॉक्टर एक, नर्स ती एकटी. आल्या आल्या तिला नवरीची आजी दिसली. नऊवारी, नाकात नथ, कपाळावर अक्षता चिकटलेल्या, आणि श्वास नाही. मीनलने तिचं डोकं मांडीवर घेतलं. हाका मारल्या, छाती दाबली, पुन्हा हाका मारल्या. चांगली दहा मिनिटं. सगळीकडे आरडाओरडा चालला होता. ती मान वर करून बघायची आणि म्हणायची, आले, आले. उठली तेव्हा व्हरांड्याच्या खांबाला टेकून बसलेला एक माणूस तिला दिसला. तो ओरडला नव्हता. एकदाही नाही. बँडवाला होता, लाल डगला घातलेला, म्हणून रक्त कुणाला दिसलं नाही.

डॉक्टर म्हणाले, तुझा काय दोष, एकटी होतीस. सगळे तेच म्हणाले. कुणी तिला शिकवलं मात्र नाही, की त्या गर्दीत आधी गप्प बसलेल्याला बघायचं, आणि जिचा श्वास नाही तिचं डोकं हळूच खाली ठेवून उठायचं. ते तिने नंतर कितीतरी वर्षांनी, ह्याच हॉस्पिटलच्या एका ट्रेनिंगमध्ये, तिसऱ्या रांगेत बसून ऐकलं. बाकीच्या नर्सेस लिहून घेत होत्या. मीनलच्या हातून पेन खाली पडलं होतं.

आणि हे सगळं ठाऊक असून मार्चमध्ये तिने लेकीला सांगितलं होतं, काही चुकलं नाही तुझं.

"झाला, आंटी," दिया म्हणाली. "आरशात बघायचा?"

"नको," मीनल म्हणाली. "ज्यांनी बघायचंय ते बघतील."

तिला मधल्या खांबाजवळ आडवं केलं. फरशी गार होती. कार्ड छातीवर, पदराला लावतात तशा पिनेने टाचलेलं. दोन हातांवर झकेरिया, मांडीवर रंगीत पाण्याची पिशवी बांधून. दिवे मंद झाले. कुणीतरी भोंग्याचं रेकॉर्डिंग लावलं आणि लगेच कॉलेजच्या पोरांनी अशा काही किंकाळ्या फोडल्या की मीनलचेही मिटलेले डोळे थरथरले.

"आई गं! वाचवा रे!" झकेरियांनी मराठीतच सुरुवात केली. "मेलो! ओ सिस्टर!"

दुहेरी दार उघडलं.

"मी आर्या, मी इथली लीड!" आवाज हॉलच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. "चालता येतं त्यांनी उठा आणि निळ्या दाराकडे जा. आत्ता! हेल्प करू शकता तर शेजारच्याला धरून न्या!"

मीनलने आर्याचा हा आवाज कधी ऐकला नव्हता. घरात ही पोर फोनवर पिझ्झा मागवतानाही सॉरी म्हणायची. पावलांचा गलका निळ्या दाराकडे गेला. मग एकेक खुर्ची, एकेक भिंत करत तो आवाज जवळ येऊ लागला. "पिवळी. श्वास आहे, बोलतोय. पुढे." "लाल. हात दाबून धर, सोडू नकोस, प्रिया येतेय. पुढे." मध्ये एकदाही धाप नाही, की वाक्य अर्धवट नाही.

बाजूला झकेरियांचं ओरडणं कमी झालं होतं. आता नुसतं कण्हणं. कार्डाप्रमाणे.

पावलं मीनलपाशी आली आणि थांबली.

कुणीतरी गुडघ्यांवर बसलं. डोळे मिटलेले असले तरी मीनलला कळलं. आर्या सकाळी हाताला चोळते त्या बदामाच्या तेलाचा वास आला. आणि मग काहीच झालं नाही. बोटं नाहीत, आवाज नाही. वर लेकीचा श्वास एकदा आत गेला तो बाहेरच येईना.

मीनलने आपला श्वास कधीच धरून ठेवला होता.

मग हनुवटीखाली दोन बोटं आली. थंडगार. हनुवटी हलकेच वर झाली, अगदी पुस्तकात दाखवतात तशी. गालाजवळ गाल आला. मीनल मनात मोजू लागली. एक. दोन. तीन. कानाच्या पाळीला आर्याच्या केसांची बट लागत होती. चार. पाच. तिला वाटलं, पापणी एवढीशी उघडावी. बोट हलवावं. लेकीच्या बोटावर बोट दाबून सांगावं, अगं मी आहे, जा तू. सहा. सात. एवढं केलं असतं तर पोरीचं केवढं सोपं झालं असतं. पण मेलेल्या माणसाने मदत करायची नसते. आठ. नऊ.

बाजूचं कण्हणं थांबलं.

झकेरिया गप्प झाले होते.

दहा. बोटं अजून हनुवटीखालीच होती. अकरा. ऊठ, बाळा. मीनलच्या छातीत दुखायला लागलं होतं, पण ती छाती तिने वर येऊ दिली नाही. डोळ्यांपुढे लाल डगला आला. ऊठ गं माझे राणी, तो ओरडत नाहीये, ऊठ. बारा.

हनुवटी खाली ठेवली गेली. टाकली नाही, ठेवली. फरशीला डोकं लागू नये म्हणून मागे एक तळहात होता, तोही सावकाश निघाला. मनगटावर पट्टी आली, तिची चटक वाजली.

"चंदेरी," आर्या म्हणाली. "पुढे."

आणि दोन पावलांत ती झकेरियांपाशी होती. "काका, डोळे उघडा. इकडे बघा. मांडी, खूप ब्लीडिंग. लाल! बेल्ट द्या मला. काका, आवळतेय, दुखणार आहे."

"दुखू दे पोरी, आवळ," झकेरिया म्हणाले.

"तुम्ही गप्प आहात, काका. कार्डावर लिहिलंय."

"बरं बरं."

कुठेतरी एक जखमी फिसकन हसला. आर्या हसली नाही. पट्ट्याची गाठ करकचून वाजली, तिने वेळ मोठ्याने सांगितली, कुणीतरी लिहून घेतली. पुढे. पुढे.

मीनलने तोंड न उघडता, छाती न हलवता, नाकाने केसाएवढा श्वास आत घेतला. मग बाहेर. मग पुन्हा. तिच्या अंगावरून पाय ओलांडले जात होते. स्ट्रेचरची चाकं डोक्याजवळून गेली. कुणी थांबलं नाही. थांबायचं नव्हतंच. आर्याचा आवाज हॉलभर फिरत होता, कुणाला रागावत होता, कुणाला शाबास म्हणत होता. दूरच्या कोपऱ्यात एका पिवळ्या पट्टीवाल्याचा श्वास लागला, आर्याने तो लांबूनच ओळखला आणि त्याला लाल केलं. तो आवाज ऐकता ऐकता मीनलला आपली आई आठवली. गल्लीत कुणाच्या घरी बाळंतपण अडलं की ती अशीच बोलायची. कमी, आणि एकदाच.

गेल्या वीस वर्षांत लेकीचे कितीतरी निकाल आले होते, पदव्या आल्या होत्या, फोटो फ्रेम करून भिंतीला लावले होते. त्यातल्या एकाही दिवशी मीनलची छाती अशी भरून आली नव्हती, आणि नेमकी आजच ती हलवायची नव्हती.

किती वेळ गेला कोण जाणे. भोंगा थांबला. किंकाळ्या केव्हाच विरल्या होत्या. आता मोठ्या डॉक्टरांची पावलं आली, खांबाजवळच थांबली, आणि त्यांच्यासमोर आर्याची. हँडओव्हर. हॉलमधलं सगळं आता त्यांच्या हवाली करायचं.

"एकूण बावीस," आर्या म्हणाली. "लाल पाच, चार आत गेले, एक वाटेवर आहे. पिवळे पाच. हिरवे अकरा, निळ्या दारापाशी, सोबत एक नर्स. चंदेरी एक."

"चंदेरीचं सांग," डॉक्टर म्हणाले.

आर्या अगदी जवळ उभी होती. तिच्या बुटाचं टोक मीनलच्या खांद्याला जवळजवळ लागत होतं.

"बाई. वय साठच्या आसपास. वाट मोकळी करून तपासलं, श्वास नाही." ती थांबली नाही. "नाव अजून माहीत नाही."

त्या आवाजात कुठे कंप आहे का, ते मीनलने कान देऊन ऐकलं. नव्हता.

"बरोबर," डॉक्टर म्हणाले. "पुढे?"

आर्या पाच लाल पट्टीवाल्यांविषयी सांगू लागली, एकेकाची जखम, एकेकाची वेळ. मीनलच्या मिटल्या डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाणी निघालं आणि कानाकडे ओघळत गेलं. ते तिने पुसलं नाही. हँडओव्हर अजून संपायचा होता.